फोर्ट्रानचा एकच प्रोग्रॅम अनेक प्रोसेसरांसाठी कंपाइल करताना: आजची यंत्रे आणि कालबाह्य झालेली

०.१ ही संख्या दुहेरी अचूकतेच्या चलात वाचून घ्यावी, तिला १० ने गुणावे, त्याच पदावलीत १ वजा करावा आणि उत्तर छापावे. एवढाच फोर्ट्रान प्रोग्रॅम आजच्या साध्या ६४ बिटी इंटेल यंत्रासाठी जीफोर्ट्रान या ग्नूच्या फोर्ट्रान कंपायलरने कंपाइल केला, तर उत्तर शून्य येते. तोच मजकूर, एक अक्षरही न बदलता, एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरसाठी -ओ२ हा ऑप्टिमायझेशनचा (वेग वाढवण्याचा) पर्याय देऊन कंपाइल केला, तर उत्तर सुमारे ५.५५ × १०⁻¹⁷ येते, आणि १९९० च्या दशकातल्या ३२ बिटी पेंटियमवर जुन्या पद्धतीच्या गणितासह चालवला तरी हेच दुसरे उत्तर येते. यातला कोणताही कंपायलर चुकलेला नाही. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही, त्यामुळे स्मृतीत ठेवलेली संख्या ०.१ पेक्षा किंचित मोठी असते आणि तिचा दहापट गुणाकार एकापेक्षा बरोबर २⁻⁵⁴ इतका जास्त भरतो. इंटेलचे आजचे गणित गुणाकारानंतर लगेच पूर्णांकन (राउंडिंग) करते आणि हा चिमूटभर फरक पुसला जातो. एआरएमकडे गुणाकार आणि वजाबाकी एकाच दमात करून शेवटी एकदाच पूर्णांकन करणारी सूचना आहे, तर जुन्या पेंटियममध्ये मधले उत्तर ८० बिटांच्या रजिस्टरात राहते, म्हणून त्या दोन्ही ठिकाणी फरक टिकतो.

अनेक प्रोसेसरांसाठी कंपाइल करण्याचा खरा लाभ मला इथे दिसतो. प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर चालला याचा आनंद असतोच. पण आपल्या मजकुरात आपल्याही नकळत कोणती गृहीतके शिरली आहेत हे दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरइतके स्पष्ट दुसरे काहीही दाखवत नाही. संशोधनाचे निष्कर्ष ज्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहेत, तो निदान दोन वेगळ्या घडणीच्या यंत्रांवर तपासलेला असावा, असे मी मनापासून मानतो.

पुण्यात तर हा प्रश्न कधीच कल्पनेतला नव्हता. सी-डॅक या संगणन संस्थेचा १९९१ चा परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर उभा होता, १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर ४ वर आणि परम युवा इंटेलच्या झिऑनवर. ज्या शास्त्रज्ञाचा प्रोग्रॅम या साऱ्या प्रवासात टिकला, त्याला शब्दाची लांबी, बाइटांचा क्रम आणि अपूर्णांकांची वागणूक या तिन्ही गोष्टी बदलताना सोसाव्या लागल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेला सीडीसी ३६०० हा संगणक तर ४८ बिटी शब्दाचा होता, म्हणजे आजच्या कोणत्याही सवयीत न बसणारा.

पुढील विवेचनात आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. कळफलकावर ते रोमन लिपीच्या लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावेत; पर्यायाच्या आरंभी येणारे एफ किंवा एम हे एकेकटे अक्षर समजावे. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. -ओ२ मधला ओ मोठा असतो.

साधनांची जुळणी

ज्या यंत्रावर आपण कंपाइल करतो ते एक आणि ज्यावर प्रोग्रॅम चालणार ते दुसरे, अशा व्यवस्थेला क्रॉस कंपाइलिंग म्हणतात. ग्नू साधनांमध्ये प्रत्येक लक्ष्याला एक नाव असते: आधी प्रोसेसर, मग कार्यप्रणाली, मग लायब्ररीची जात. स्पार्क६४-लिनक्स-ग्नू, एम६८के-लिनक्स-ग्नू, अल्फा-लिनक्स-ग्नू, एचपीपीए-लिनक्स-ग्नू ही अशी नावे आहेत. डेबियन लिनक्सवर यांतील बहुतेकांसाठी तयार कंपायलर मिळतात. जीफोर्ट्रान हा शब्द, त्यापुढे संयोगचिन्ह आणि लक्ष्याचे नाव असे पॅकेज ॲप्ट या डेबियनच्या साधनाने बसवले, की स्पार्क६४-लिनक्स-ग्नू-जीफोर्ट्रान अशा नावाची आज्ञा हाती येते. तिच्याबरोबर त्या प्रोसेसरची सी लायब्ररी आणि फोर्ट्रानची स्वतःची लायब्ररीही येते. हे दुसरे फार महत्त्वाचे आहे, कारण वाचन, लेखन, फॉरमॅट, काही गणिती फले (फंक्शने) हे सारे त्या लायब्ररीतून होते आणि तिच्याशिवाय कंपायलर असूनही प्रोग्रॅम जोडला जात नाही.

चालवून पाहण्यासाठी जुने यंत्र घरी असण्याची गरज नाही. फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेले क्यूईएमयू हे एम्युलेटर एका विशेष रूपात, संपूर्ण यंत्राची नक्कल न करता, केवळ एका प्रोग्रॅमपुरती परक्या प्रोसेसरची नक्कल करते. क्यूईएमयू-यूजर हे पॅकेज बसवावे, प्रोग्रॅम -स्टॅटिक या पर्यायाने जोडावा, म्हणजे सर्व लायब्ररी त्याच्या पोटातच येतात, आणि मग क्यूईएमयू-स्पार्क६४ ही आज्ञा देऊन त्यापुढे प्रोग्रॅमचे नाव द्यावे. स्टॅटिक जोडणी नको असेल, तर मोठ्या एल अक्षराच्या पर्यायाने त्या प्रोसेसरच्या लायब्रऱ्यांची मूळ निर्देशिका दाखवावी लागते.

प्रत्येक लक्ष्यासाठी स्वतंत्र निर्देशिका ठेवावी, आणि याबाबतीत आळस करू नये. फोर्ट्रान ९० पासून मॉड्यूल आले आणि कंपायलर प्रत्येक मॉड्यूलमागे एक मध्यस्थ फाइल लिहू लागला. ती कंपायलरच्या आवृत्तीशी बांधलेली असते आणि तिच्यात काइंडचे, म्हणजे संख्येच्या प्रकाराची अचूकता ठरवणारे, आकडे लक्ष्यानुसार गोठलेले असू शकतात. एका लक्ष्याची मॉड्यूल फाइल दुसऱ्याच्या कंपाइलमध्ये शिरली, तर चूक कधी लगेच कळते आणि कधी कळतच नाही. मोठ्या जे अक्षराचा पर्याय देऊन या फाइली कुठे जाव्यात ते सांगता येते. मेकफाइलमध्ये (कंपाइलच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलीत) लक्ष्याचे नाव हेच निर्देशिकेचे नाव करावे.

प्रोसेसरची पिढी निवडताना

एकाच घराण्यातही पिढ्या असतात. -एमआर्च हा पर्याय सांगतो की या पिढीच्या सूचना वापरण्यास मोकळीक आहे. -एमट्यून हा केवळ सूचनांचा क्रम आणि निवड त्या पिढीला मानवेल अशी लावतो, पण जुन्यावर चालण्याची क्षमता कायम ठेवतो. इंटेल घराण्यात जीसीसीच्या (जीफोर्ट्रान ज्याचा भाग आहे त्या ग्नू कंपायलरसंचाच्या) ११ व्या आवृत्तीपासून एक्स८६-६४-व्ही२, व्ही३ आणि व्ही४ असे टप्पेही नावाने देता येतात, आणि अनेक यंत्रांवर वाटायच्या प्रोग्रॅमसाठी हेच टप्पे मला सर्वांत हिशेबी वाटतात.

-एमआर्च=नेटिव्ह याविषयी मात्र सावध राहावे. या पर्यायाने कंपायलर समोरच्या यंत्राच्या सर्व सूचना वापरतो. एका संस्थेच्या समूह संगणकावर आम्ही प्रोग्रॅम प्रवेशाच्या यंत्रावर असाच कंपाइल केला. ते यंत्र नुकतेच बदललेले होते आणि प्रत्यक्ष गणना करणारी यंत्रे आधीच्या पिढीची होती. काम रांगेत चार तास थांबले आणि सुरू होताक्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढा संदेश देऊन संपले. निम्मी यंत्रे नवी असती तर काम काही ठिकाणी चालले असते आणि काही ठिकाणी पडले असते, आणि कारण शोधायला आणखी दिवस गेले असते. तेव्हापासून नेटिव्ह हा शब्द मी केवळ माझ्याच टेबलावरच्या यंत्रासाठी वापरतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. -एमआर्च=आय३८६ असा पर्याय दिला की आपला मजकूर ३८६ च्या सूचनांत उतरतो हे खरे, परंतु त्याला जोडली जाणारी लायब्ररी आधीच कंपाइल झालेली असते आणि तिच्यावर या पर्यायाचा काडीमात्र परिणाम होत नाही. डेबियनच्या ३२ बिटी इंटेल शाखेने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत आय६८६, म्हणजे पहिल्या पेंटियमनंतरची पिढी, हा किमान दर्जा धरला. म्हणून तिथे तयार झालेला प्रोग्रॅम खऱ्या पहिल्या पेंटियमवर लायब्ररीतल्या एखाद्या सूचनेपाशी अडखळू शकतो. खरोखर त्या पिढीसाठी काम करायचे असेल, तर कंपायलर आणि लायब्ररी दोन्ही त्या पिढीसाठी स्वतः बांधावी लागतात. हे कसे करायचे ते पुढे येईल. खुद्द ३८६ ची गोष्ट आणखी पुढे गेलेली आहे: लिनक्सच्या गाभ्याने त्याचा आधार ३.८ या आवृत्तीत, २०१३ साली काढून टाकला. त्यासाठी डॉसखाली चालणारी डीजेजीपीपी ही टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या जोडीच्या साधनांचा संच) अजून उपयोगी पडते. तिच्यात जीफोर्ट्रान मिळतो आणि गणिती सहप्रोसेसर नसेल तर त्याची नक्कल करण्याची सोयही आहे.

अपूर्णांकांचे गणित

आरंभी दिलेल्या उदाहरणाकडे परत येऊ, कारण सर्वाधिक वेळ इथेच जातो. दोन यंत्रांची उत्तरे जुळत नाहीत असे दिसले, की पहिला प्रश्न एकत्रित गुणाकार-बेरजेचा विचारावा. एआरएमचे ६४ बिटी प्रोसेसर, पॉवर, इटॅनियम आणि आयबीएमचे मेनफ्रेम यांच्या मूळ सूचनासंचातच ती सूचना आहे आणि जीसीसी ऑप्टिमायझेशन चालू असताना ती आपण होऊन वापरतो. मूळ ६४ बिटी इंटेल संचात ती नाही. -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ हा पर्याय सर्व लक्ष्यांवर द्यावा आणि पुन्हा तुलना करावी. आरंभीचे उदाहरण या पर्यायाने एआरएमवरही शून्य देते. तुलना जुळली, तर फरकाचे कारण सापडले. त्यानंतर वेगासाठी तो पर्याय काढायचा की ठेवायचा हा निर्णय समजून घेता येतो. एकत्रित सूचनेचे उत्तर बहुधा अधिक अचूकच असते, त्यामुळे ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. फक्त तुलना करताना ती बंद असावी.

३२ बिटी इंटेलवर प्रश्न निराळा आहे. तिथे जुने गणित ८० बिटांच्या रजिस्टरांत होते, आणि एखादे मधले उत्तर रजिस्टरात राहिले की स्मृतीत उतरले यावर शेवटचे आकडे ठरतात. एखाद्या ओळीत छापण्याचे विधान घातले आणि उत्तरच बदलले, असा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे पटेल. पेंटियम ४ किंवा त्यानंतरचे यंत्र असेल तर -एमएसएसई२ आणि -एमएफपीमॅथ=एसएसई हे दोन्ही पर्याय द्यावेत, म्हणजे गणित ६४ बिटी इंटेलसारखेच होते. त्याहून जुन्या यंत्रावर -एफफ्लोट-स्टोअर देऊन चलांत साठवलेली मूल्ये स्मृतीत उतरवता येतात, पण एकाच पदावलीतले मधले उत्तर त्याने छाटले जात नाही. आपले उदाहरण म्हणून तरीही बदलत नाही. गुणाकार आधी वेगळ्या चलात ठेवला, मग वजाबाकी केली आणि हा पर्याय दिला, तरच शून्य येते. मोटोरोलाच्या ६८८८१ या सहप्रोसेसरची वागणूकही अशीच विस्तारित अचूकतेची आहे.

डेकच्या अल्फा प्रोसेसरसाठी -एमआयईईई हा पर्याय विसरू नये. तो नसेल तर अनंत, अ-संख्या किंवा अतिसूक्ष्म संख्या गणितात येताच प्रोग्रॅम अपवाद उठवून बंद पडतो, आणि कंपाइल करताना याची काहीही सूचना मिळत नाही.

हे सर्व प्रोसेसर १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाचे कमी-अधिक पालन करतात. त्याआधीची यंत्रे तसे करत नसत. आयबीएम सिस्टीम ३६० मध्ये घातांक सोळाच्या पायावर होता, त्यामुळे संख्येच्या आकारानुसार तीन बिटांपर्यंतची अचूकता वाया जात असे. व्हॅक्सवरच्या डी जातीच्या दुहेरी अचूकतेत अपूर्णांकाचा भाग मोठा असला तरी घातांकाची मर्यादा एकेरीइतकीच, म्हणजे सुमारे १.७ × १०³⁸ होती. आज १०³⁰⁰ पर्यंत बिनदिक्कत जाणारी मधली पदे व्हॅक्सवर ओसंडून जातात. जुन्या पुस्तकांत आणि प्रोग्रॅमांत संख्या आधी मोठ्यात मोठ्या घटकाने भागून घेण्याची रीत दिसते, ती यासाठीच. ती ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

उलट दिशेचा प्रवासही करावा लागतो. सीडीसी ६६०० चा शब्द ६० बिटांचा होता, त्यामुळे तिथले साधे रिअल चलही सुमारे १४ अंकांची अचूकता देत असे. असा प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर जसाच्या तसा कंपाइल केला, तर रिअल ३२ बिटी होते आणि अचूकता सात अंकांवर येते. पुनरावर्ती गणित अभिसरित होत नाही आणि दोष पद्धतीला दिला जातो. -एफडिफॉल्ट-रिअल-८ हा तात्पुरता उपाय आहे, मात्र तो एकटा दिला तर आधीच दुहेरी असलेली चले १६ बाइटांची होतात. म्हणून सोबत -एफडिफॉल्ट-डबल-८ द्यावा. कायमचा उपाय म्हणजे सिलेक्टेड-रिअल-काइंड या फलाकडून हवे तितके अंक मागून घेऊन तो काइंड एकाच मॉड्यूलमध्ये ठेवणे. रिअल*८ किंवा काइंड=८ असा थेट आकडा लिहू नये; त्या आकड्याचा अर्थ कंपायलर ठरवतो, मानक नव्हे. ३३ अंक मागितले तर काही लक्ष्यांवर हे फल ऋण उत्तर देते, म्हणजे तशी सोयच तिथे नसते, आणि प्रोग्रॅम तिथेच कंपाइल होण्याचे थांबतो. चुकीचे उत्तर देत राहण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

बाइटांचा क्रम आणि फाइली

इंटेल, अल्फा आणि व्हॅक्स हे संख्येचा कनिष्ठ बाइट आधी ठेवतात. स्पार्क, पीए-रिस्क, मोटोरोला ६८०००, जुना पॉवरपीसी आणि आयबीएम मेनफ्रेम ज्येष्ठ बाइट आधी ठेवतात. शुद्ध फोर्ट्रानच्या गणिताला याचे सोयरसुतक नसते. अडचण येते ती इक्विव्हॅलन्स किंवा ट्रान्सफर वापरून पूर्णांकाकडे अक्षरे म्हणून पाहिले तेव्हा, आणि विनाफॉरमॅट फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेल्या तेव्हा.

विनाफॉरमॅट अनुक्रमी फाइल ही केवळ आकड्यांची रांग नसते. प्रत्येक नोंदीच्या आधी आणि नंतर तिची बाइटांतली लांबी लिहिलेली असते. दुहेरी अचूकतेच्या १०० संख्यांची एक नोंद लिहावी आणि फाइलचे पहिले चार बाइट ओडी या आज्ञेने -टी एक्स१ हा पर्याय देऊन पाहावेत. लांबी ८०० बाइट. इंटेलवर लिहिलेल्या फाइलमध्ये षोडशमान पद्धतीत २० ०३ ०० ०० दिसेल आणि स्पार्कवर लिहिलेल्या फाइलमध्ये ०० ०० ०३ २०. स्पार्कची फाइल इंटेलवर तशीच वाचली, तर प्रोग्रॅमला वाटते की पहिली नोंद ५३,७०,६७,५२० बाइटांची आहे, आणि फाइल त्याआधीच संपल्यामुळे वाचन फसते. म्हणून ‘फाइल खराब आहे’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे चार बाइट नेहमी पाहावेत. त्यांवरून फाइल कोणत्या घराण्याच्या यंत्रावर जन्मली ते बहुधा लगेच कळते.

उपाय सोपा आहे. कंपाइल करताना -एफकन्व्हर्ट=बिग-एंडियन द्यावे, किंवा प्रोग्रॅमला हात न लावता जीफोर्ट्रान_कन्व्हर्ट_युनिट हे पर्यावरण चल, पूर्णपणे मोठ्या अक्षरांत, ठरवून द्यावे; त्यात युनिट क्रमांकागणिक वेगळा क्रमही सांगता येतो, म्हणजे एकच प्रोग्रॅम जुनी फाइल वाचून नवी लिहू शकतो. जीफोर्ट्रानच्या अगदी पहिल्या आवृत्त्या बहुतेक यंत्रांवर लांबीचे चिन्ह आठ बाइटांचे लिहीत असत; अशा फाइलींसाठी -एफरेकॉर्ड-मार्कर=८ आहे. मात्र ही अदलाबदल केवळ बाइटांच्या क्रमाची असते. व्हॅक्सचा किंवा सिस्टीम ३६० चा अपूर्णांक तिने आयईईई होत नाही. त्यासाठी बिट सुटे करून नव्याने जुळवणारा छोटा उपप्रोग्रॅम लिहावा लागतो. नवीन फाइली लिहिताना फोर्ट्रान २००३ मधला स्ट्रीम प्रवेश वापरावा, म्हणजे लांबीची चिन्हे येतच नाहीत.

जागा, अक्षरे आणि जुन्या सवयी

कॉमन ब्लॉकमध्ये (अनेक उपप्रोग्रॅमांनी वाटून घेतलेल्या स्मृतीत) आधी एक पूर्णांक आणि मग दुहेरी अचूकतेचे चल ठेवले, तर मानकाप्रमाणे ते चल पहिल्या चार बाइटांनंतर लगेच सुरू होते. इंटेल ते निमूट वाचतो. स्पार्कला आठ बाइटांची संख्या आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच हवी असते आणि तसे नसेल तर ‘बस एरर’ येऊन प्रोग्रॅम थांबतो. जीफोर्ट्रान आपण होऊन मध्ये रिकामी जागा सोडतो आणि तशी ताकीदही देतो. परंतु दुसऱ्या फाइलीत तोच ब्लॉक वेगळ्या चलांनी लिहिलेला असेल, तर या रिकाम्या जागेमुळे चले एकमेकांवर चढतात. मोठी चले आधी आणि लहान नंतर, हा क्रम पाळला की दोन्ही त्रास मिटतात. एम्युलेटरमध्ये ही चूक पकडली जाईलच असे गृहीत धरू नये, म्हणून ही तपासणी मजकूर वाचूनच करावी.

१९६० च्या दशकातल्या मजकुरात अक्षरे पूर्णांकात कोंबलेली आढळतात, कारण अक्षरांचा स्वतंत्र प्रकार फोर्ट्रान ७७ मध्ये आला. एका शब्दात किती अक्षरे मावतात हे यंत्रावर अवलंबून असे: आयबीएम ७०४ च्या ३६ बिटांत सहा, सीडीसी ३६०० च्या ४८ बिटांत आठ, सीडीसी ६६०० च्या ६० बिटांत दहा. फॉरमॅटमध्ये ए६, ए८ किंवा ए१० असे वर्णन दिसले की तो प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर वाढला याचा अंदाज बांधता येतो. हा भाग पर्यायांनी दुरुस्त होत नाही. हाताने कॅरेक्टर प्रकारात आणावा लागतो. त्याच काळातल्या बहुतेक कंपायलरांत उपप्रोग्रॅमची स्थानिक चले त्याला दिलेल्या दोन हाकांमध्ये (कॉलमध्ये) आपले मूल्य टिकवून ठेवत, आणि लेखक त्यावर विसंबत. अशा मजकुरासाठी -एफनो-ऑटोमॅटिक द्यावे आणि सवड मिळताच सेव्ह लिहावे. उपप्रोग्रॅमला दिलेल्या अर्ग्युमेंटांचे प्रकार जुळत नाहीत म्हणून जीसीसी १० पासून कंपायलर अडून बसतो; -एसटीडी=लेगसी दिल्याने तो ताकिदीवर समाधान मानतो, पण ६४ बिटी लक्ष्यांवर अशी प्रत्येक ताकीद वाचून निकालात काढावी.

तयार कंपायलर नसेल तेव्हा

कालबाह्य हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात पायऱ्या आहेत. स्पार्क, अल्फा आणि ६८००० ही यंत्रे बाजारातून गेली, तरी जीसीसीत ती जिवंत आहेत. त्यांच्या जुन्या कार्यप्रणालीसाठी किंवा विशिष्ट पिढीसाठी टूलचेन स्वतः बांधायची असेल, तर क्रॉसटूल-एनजी हे साधन वापरावे. त्याच्या निवडसूचीत फोर्ट्रान वेगळे चालू करावे लागते. हाताने बांधायचे असल्यास क्रम असा असतो: आधी बायन्युटिल्स (असेंब्लर आणि जोडणीची साधने), मग केवळ सी भाषेपुरता जीसीसी, त्याने सी लायब्ररी, आणि मग सी व फोर्ट्रान या दोन्ही भाषा मागून पुन्हा संपूर्ण जीसीसी. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्रऱ्या आधीच हव्यात. पेंटियमसारख्या पिढीसाठी बांधणीच्या वेळीच -विथ-आर्च=आय५८६ सांगावे (आरंभी दोन संयोगचिन्हे), म्हणजे फोर्ट्रानची लायब्ररीही त्याच पिढीची होते; सी लायब्ररी बांधताना हाच कंपायलर वापरलेला असावा.

ज्या यंत्रावर जीसीसीची ३.४ किंवा त्याआधीची आवृत्तीच चालते, तिथे जीफोर्ट्रान नसतो. तिथे जी७७ आहे आणि तो फोर्ट्रान ७७ पुरताच आहे. जिथे तोही नाही पण कोणताही सी कंपायलर आहे, तिथे एफ२सी कामास येते: ते आपल्या यंत्रावर चालवून फोर्ट्रान ७७ चा मजकूर सी भाषेत उतरवावा, तो सी मजकूर आणि एफ२सीची छोटी लायब्ररी जुन्या यंत्रावर नेऊन कंपाइल करावी. जी७७ आणि एफ२सी नावात अधोरेषा असलेल्या उपप्रोग्रॅमच्या शेवटी दोन अधोरेषा जोडतात आणि जीफोर्ट्रान एकच जोडतो. जोडणीत ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर आधी हे पाहावे.

व्हॅक्ससाठी सिमएच हे एम्युलेटर संपूर्ण यंत्राची नक्कल करते. बॉब सुपनिक यांनी आरंभलेल्या या प्रकल्पात पीडीपी-११ आणि आयबीएम ७०९४ देखील आहेत. सिस्टीम ३७० साठी हर्क्युलिस आहे, आणि त्यावर एमव्हीएस ३.८ ही जुनी कार्यप्रणाली चालवली तर आयबीएमचे फोर्ट्रान जी आणि एच हे कंपायलर प्रत्यक्ष वापरता येतात. इथे क्रॉस कंपाइल नाही. मजकूर ८० स्तंभांच्या कार्डांच्या रूपात आत पाठवायचा, पहिले पाच स्तंभ लेबलासाठी, सहावा पुढे चालूच्या खुणेसाठी आणि विधान ७ ते ७२ मध्ये. ७३ व्या स्तंभात गेलेले अक्षर कंपायलर दुर्लक्षित करतो आणि तक्रार करत नाही. चलाच्या नावाचे शेवटचे अक्षर तिथे गेले तर एक नवेच चल जन्माला येते, म्हणून मजकूर आत पाठवण्यापूर्वी ओळींची लांबी मोजणारी आज्ञा चालवून घ्यावी.

तपासणीचा क्रम

आधी स्वतःच्या ६४ बिटी यंत्रावर -एफचेक=ऑल आणि -एफएफपीई-ट्रॅप=इनव्हॅलिड,झिरो,ओव्हरफ्लो हे पर्याय देऊन प्रोग्रॅम पूर्ण चालवावा. सरणीच्या (ॲरेच्या) सीमा ओलांडणारा प्रोग्रॅम घेऊन दुसऱ्या प्रोसेसरकडे जाणे म्हणजे वेळ दवडणे आहे. त्यानंतर एकच परके लक्ष्य निवडायचे असेल, तर मी एम६८के, म्हणजे मोटोरोला ६८००० चे घराणे, निवडतो. ते ३२ बिटी आहे, ज्येष्ठ बाइट आधी ठेवते, विस्तारित अचूकतेने गणित करते आणि चार बाइटांचा पूर्णांक दोनने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवते. चार वेगवेगळ्या गृहीतकांची एकाच वेळी परीक्षा होते. तिथे उत्तरे वेगळी आली तर कारण वेगळे काढण्यासाठी स्पार्क६४ वर जावे, जिथे बाइटांचा क्रम उलटा असला तरी गणित इंटेलसारखेच आहे. स्पार्क६४ जुळले आणि एम६८के जुळले नाही, तर शंका अचूकतेवर किंवा ३२ बिटांवर. दोन्ही जुळले नाहीत, तर बाइटांच्या क्रमावर. त्यानंतर एआरएमवर -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ देऊन आणि न देता, अशा दोन फेऱ्या.

उत्तरांची तुलना मजकुराच्या फाइली डिफ या आज्ञेने ओळीनुसार जुळवून करू नये. शेवटचा अंक कुठे ना कुठे हलणारच. प्रत्येक राशीसाठी सापेक्ष फरकाची मर्यादा आधी ठरवावी आणि तिचे कारण लिहून ठेवावे. संख्या षोडशमान बिटांत छापणारे झेड१६ हे वर्णन अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण त्यात फरक शेवटच्या बिटाचा आहे की घातांकाचा हे डोळ्यांना दिसते. प्रत्येक फेरीसोबत लक्ष्याचे नाव, कंपायलरची आवृत्ती आणि सर्व पर्याय उत्तराच्या फाइलीतच छापावेत. फोर्ट्रान २००८ मध्ये त्यासाठी कंपायलर-व्हर्जन आणि कंपायलर-ऑप्शन्स ही दोन फले दिलेली आहेत आणि प्रोग्रॅमच्या आरंभी त्यांना दोन ओळी पुरतात.